शिंक आली की गोळी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा सरला की आमच्या टपालात सर्दीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली निम्मीशिम्मी क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांविषयी निघाली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या घरी कोणालाही पहिली शिंक आली की व्हिटॅमिन सीची ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी दिवसातून दोनदा सुरू होते. सासूबाईंचा तिच्यावर पूर्ण विश्वास. मुलगा म्हणतो, पैसे पाण्यात. खरे कोणाचे धरायचे? (सांगली)

मुलाचे. शिंका सुरू झाल्यावर घेतलेल्या क जीवनसत्त्वाने सर्दी आटोपती होते का, हे बऱ्याच चाचण्यांतून तपासून झाले आहे आणि भरवसा ठेवावा असे काही हाती लागलेले नाही. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठातली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ४०० निरोगी स्वयंसेवकांकडे गोळ्या आधीच देऊन ठेवल्या होत्या, म्हणजे घशात खवखव जाणवताच त्यांना सुरुवात करता यावी. कोणाला रोज १ ग्रॅम, कोणाला ३ ग्रॅम, तर तुलनेसाठी काहींना अवघे ३० मिलिग्रॅम. सर्दी किती दिवस राहिली आणि किती सतावून गेली, यात गटागटांत फरक पडला नाही. पहिल्याच दिवशी ८ ग्रॅम एकदम दिल्यास थोडा उपयोग होत असावा, असे एका मोठ्या चाचणीत दिसले होते. पण ८ ग्रॅम म्हणजे तुमच्या १६ गोळ्या. त्यात सर्दीपेक्षा जुलाबांची चिंता आधी करावी लागेल.

सर्दी नसतानाही रोज घेणाऱ्यांचे थोडे वेगळे आहे, आणि सासूबाईंच्या विश्वासाला आधार असलाच तर तो इथे आहे. रोज किमान २०० मिलिग्रॅम देणाऱ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये घेतला. सर्दी होते की नाही, या प्रश्नावर त्यात ११,३०६ माणसांची माहिती होती. निष्कर्ष असा, की सामान्य माणसाला वर्षात जेवढ्या वेळा सर्दी होते तेवढ्या वेळा ती होतेच. मात्र झालेली सर्दी मोठ्यांत सरासरी ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के लवकर संपते.

आता हिशेब करू. सात दिवसांच्या सर्दीचे ८ टक्के म्हणजे साधारण तेरा तास. मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीन सर्द्या होतात, म्हणजे ३६५ गोळ्या घेऊन वर्षाकाठी एक-दीड दिवस वाचणार. तो वाचवायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या मते जेवणात भाजी-फळ नीट असेल तर एवढा खटाटोप कशाला?

दिवसाला दोन गोळ्यांचा मुद्दाही पाहा. २०० मिलिग्रॅमपर्यंतचे क जीवनसत्त्व आतडे जवळपास पूर्ण शोषून घेते. मात्रा वाढेल तसे शोषणाचे प्रमाण उतरते आणि एका दमात ग्रॅमभराहून जास्त घेतले तर निम्मेही आत जात नाही. शोषले जाते त्यातले जास्तीचे मूत्रपिंडे काही तासांत बाहेर टाकतात. शोषले न गेलेले आतड्यात पाणी ओढते, म्हणून पोट ढिले होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधला या जीवनसत्त्वाचा साठा तर रोजच्या १०० मिलिग्रॅमच्या आसपासच पुरा भरतो. भरलेल्या हंड्यात ओतत राहिले तर काय होईल, तेच इथे होते.

लायनस पॉलिंग यांना दोनदा नोबेल मिळाले होते. तेच क जीवनसत्त्वाचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते. एवढा मोठा शास्त्रज्ञ चुकला म्हणायचे का? (नागपूर)

त्यांची दोन्ही नोबेल क जीवनसत्त्वासाठी नव्हती, हे आधी लक्षात घ्या. १९५४ चे रसायनशास्त्राचे नोबेल रासायनिक बंधांवरच्या कामासाठी होते आणि १९६२ चे शांततेचे, अणुचाचण्यांविरुद्धच्या मोहिमेसाठी. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी टळते, असे सांगणारे त्यांचे पुस्तक १९७० मध्ये आले आणि अमेरिकेत औषध दुकानांतल्या गोळ्या संपल्या.

त्यांचा भर होता तो १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस चाचणीवर. बर्फावर घसरण्याच्या शिबिरात २७९ मुले होती. अर्ध्यांना रोज १ ग्रॅम क जीवनसत्त्व, बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ, म्हणजे औषध नसलेली गोळी. पहिल्या गटात सर्दी ४५ टक्क्यांनी कमी झाली. आकडा खोटा नव्हता. पण ही मुले कडाक्याच्या थंडीत दिवसभर अंगमेहनत करत होती, आणि तेही थोड्याच दिवसांसाठी. त्यांच्यावरून कचेरीत बसणाऱ्याला, भाजी विकणाऱ्याला, शाळेतल्या बाईंना वर्षभर हाच गुण येईल असे मानणे ही उडी फार लांबची होती. चूक झाली ती इथे.

पॉलिंग यांचा दुसरा युक्तिवाद ऐकायला पटतो: शेळी, गाय, कुत्रा हे प्राणी स्वतःच्या यकृतात क जीवनसत्त्व बनवतात, शेळी तर रोज काही ग्रॅम बनवते. माणूस, माकड आणि गिनीपिग यांच्यात त्यासाठी लागणारे शेवटचे विकर (एन्झाइम) तयारच होत नाही. मग माणसालाही ग्रॅमांतच हवे, असे ते म्हणत. पण न बनवणाऱ्या प्राण्यांच्या शरीराने काटकसरही शिकून घेतली आहे. आपली मूत्रपिंडे हे जीवनसत्त्व गाळल्यावर परत ओढून घेतात आणि गरज भागली की मगच सोडतात.

पुढच्या दोन चाचण्या सांगण्यासारख्या आहेत. टोरांटोच्या टेरेन्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये ८१८ जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली. पॉलिंग यांचा दावा खोडून निघेल अशीच त्यांची अटकळ होती. सर्दी होणाऱ्यांच्या संख्येत फारसा फरक निघाला नाही, मात्र घरी पडून राहावे लागलेले दिवस सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. संशोधकांनाही ते अनपेक्षित होते.

दुसरी चाचणी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तिथल्याच कर्मचाऱ्यांवर केली, ती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. पोकळ कॅप्सूलमध्ये दुग्धशर्करा भरली होती. कर्मचारी पडले चौकस! अनेकांनी कॅप्सूल फोडून चाखून पाहिली. आंबट लागली तर क जीवनसत्त्व, किंचित गोड लागली तर पोकळ. चाचणीत शिरलेल्या ३११ पैकी १९० जणच शेवटपर्यंत टिकले. आपल्याला खरी गोळी मिळतेय हे ओळखणाऱ्यांची सर्दी कमी दिवसांची भरली. ज्यांना ओळखता आले नाही त्यांच्यात फरक पुसट झाला. यावरून संशोधकांनी बराचसा गुण मनाचा ठरवला. नंतर या अर्थावर आक्षेप घेतला गेला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण चवीवरून गोळी ओळखू येते, हा धडा मात्र मिळाला. म्हणून पोकळ गोळीतही सायट्रिक आम्लासारखे काहीतरी आंबट घालतात.

घरच्या अनुभवाचेही असेच होते. सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त छळते आणि नेमकी तेव्हाच आपण गोळी आणतो. चौथ्या दिवसापासून ती आपसूक उतरू लागते. श्रेय गोळीला जाते.

मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावतो, पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सचा विचार आहे. मोठ्या शर्यतीनंतर हमखास घसा धरतो. धावणाऱ्यांना व्हिटॅमिन सी लागू पडते म्हणतात, ते खरे का? (सातारा)

तुमच्या बाबतीत हो, बहुधा. वरच्या कॉक्रेन आढाव्यात मॅरेथॉन धावणारे, स्कीइंग करणारे आणि ध्रुवप्रदेशाजवळच्या थंडीत कवायती करणारे सैनिक अशा ५९८ जणांच्या पाच चाचण्या वेगळ्या काढल्या आहेत. त्यांत सर्दी होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. यांतली एक चाचणी तुम्ही म्हणता त्याच कॉम्रेड्सच्या धावपटूंवरची आहे. सुमारे ९० किलोमीटरच्या या शर्यतीआधी २१ दिवस रोज ६०० मिलिग्रॅम देण्यात आले. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत पोकळ गोळीवाल्यांपैकी ६८ टक्क्यांना घसा-नाकाचा त्रास झाला आणि क जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना.

म्हणून शर्यतीच्या तीन आठवडे आधी सुरू करा. सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर २५० ते ३०० मिलिग्रॅम पुरे. शर्यतीच्या पहाटे नवीन फसफसती गोळी घेऊ नका. रिकाम्या पोटी ती आम्लपित्त करते आणि निम्म्या वाटेत शौचालय शोधावे लागते. शर्यत झाल्यावर आठवडाभर चालू ठेवून बंद करा. वर्षभर ग्रॅमच्या मात्रेत घेऊ नका. रोज १ ग्रॅम घेतल्यावर सरावाने स्नायूंत घडणारे बदल मंदावतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे. व्यायामात तयार होणारे ऑक्सिडीकारक रेणू स्नायूंना बळकट व्हायचा इशारा देतात आणि जीवनसत्त्व तोच इशारा दाबते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

रविवारी पाच-दहा किलोमीटर धावणाऱ्यांनी मात्र हे आकडे स्वतःला लावू नयेत.

आवळा, लिंबू, मोरावळा यांतून नेमके किती मिळते? आणि क जीवनसत्त्व सर्दीला चांगले, तर मग सर्दीत आंबट आणि पेरू खाऊ नये असे का सांगतात? (चिपळूण)

एकाच घरात सर्दी झाली की पेरू हातातून काढून घेतात आणि पेरूत असते तेच जीवनसत्त्व गोळीतून देतात, ही गंमत आम्हीही पाहतो. सर्दी विषाणूने होते. एकट्या ऱ्हायनोविषाणूचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांतला एकही पेरूतून येत नाही. आंबट किंवा खरखरीत पदार्थाने आधीच सुजलेल्या घशाला चुरचुर होऊन ढास लागते, एवढेच. तिखट-मीठ लावलेल्या पेरूने ती जास्त लागते. घसा फार दुखत असेल तर दोन दिवस थांबा. नाहीतर खुशाल खा.

आपल्याकडची रोजची गरज राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये पुरुषांसाठी ८० आणि स्त्रियांसाठी ६५ मिलिग्रॅम ठरवली आहे. गरोदरपणी ती वाढते, अंगावर पाजणाऱ्या आईला आणखी जास्त लागते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचेही जास्त खर्च होते.

मध्यम आकाराच्या एका पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते, म्हणजे अर्ध्या पेरूत दिवस भागतो. आवळ्याचे आकडे कोष्टकागणिक बदलतात, शंभर ग्रॅमला २५० पासून ६०० पर्यंत. कमीचा आकडा धरला तरी एका मोठ्या आवळ्यात ८०-१०० मिलिग्रॅम असते. तुमच्या कोकणात उन्हाळ्यात काजूची बोंडे झाडाखाली सडत पडतात, त्यांच्यात शंभर ग्रॅमला २०० च्या घरात असते. मीठ लावून, थोडा वेळ ठेवून खाल्ली की घशाला लागणारा तुरटपणा कमी होतो. शेवग्याचा पाला, ढोबळी मिरची, पपई, कोबीची कच्ची कोशिंबीर ही पुढची नावे. संत्र्याचे नाव मोठे, पण एका संत्र्यात ४०-५० मिलिग्रॅम असते, पेरूच्या पाव हिश्श्याला. लिंबाबद्दल अनेकांचा अपेक्षाभंग होईल. एका लिंबाचा रस २५-३० मिलिलिटर भरतो आणि त्यात १० ते १५ मिलिग्रॅमच असते. एक ग्लास सरबताने दिवस भागत नाही. आंबटपणावरून अंदाज बांधू नका. चिंच आंबट असते ती टार्टारिक आम्लामुळे. चिंच, आमसूल आणि दही या तिघांतही क जीवनसत्त्व जवळजवळ नाही.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने आणि हवेने मोडते. म्हणून चिरून ठेवलेली कोबी धुऊ नका, धुऊन चिरा. पालेभाजी उकडून पाणी ओतून दिले तर बरेचसे त्या पाण्याबरोबर गेले. झाकण ठेवून, कमी पाण्यात, कमी वेळ शिजवा. पोह्यांवर, वरणावर लिंबू पिळायचे ते गॅस बंद करून आणि ताटात वाढल्यावर. लिंबाचा किंवा आवळ्याचा रस तांब्याच्या भांड्यात ठेवू नये. तांब्याने जीवनसत्त्व भराभर मोडते आणि आंबट रसात तांबे उतरते ते वेगळेच.

मोरावळ्यात आवळा आधी वाफवला जातो, मग पाकात शिजतो, मग महिनोन्‌महिने बरणीत राहतो. तीन ठिकाणी घट होते. वर अर्ध्याहून अधिक साखर. चवीसाठी खा, औषध म्हणून नको. उन्हात वाळवलेल्या आवळा सुपारीचेही तेच. आवळा टिकवायचाच असेल तर कार्तिकापासून पुढे तो स्वस्त असतो तेव्हा आणा, धुऊन, कोरडा पुसून, किसून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि गोठल्यावर घट्ट पिशवीत भरून फ्रीझरमध्येच ठेवा. रोज एक खडा चटणीत किंवा वाढलेल्या आमटीत टाका. चटणीच्या मिक्सरमध्ये किस आयत्या वेळी घाला, कारण पाते फिरते तसे हवेचे बुडबुडे आत शिरतात.

पाळणाघरात जाणाऱ्या आमच्या तीन वर्षांच्या मुलीला दर दीड महिन्याला सर्दी होते. तिला व्हिटॅमिन सीची संत्र्याच्या चवीची गोळी आवडते, ती रोज मागते. एक दिली तर चालेल ना? (पुणे)

५०० मिलिग्रॅमची असेल तर नको. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकी तज्ज्ञमंडळाने ठरवलेली रोजची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे, चार ते आठ वर्षांसाठी ६५०. त्यापुढे पोट बिघडते. शिवाय या गोळ्या गोड आणि आम्लयुक्त असतात. दातांच्या फटीत अडकून राहिल्या तर वरचे कवच झिजते. गोळी चॉकलेटसारखी हातात देऊ नका, बाटली उंचावर ठेवा.

या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या हे नेहमीचेच आहे, पाळणाघरात पहिल्या वर्षी त्याहून जास्तही. प्रतिकारशक्ती कमी म्हणून हे होत नाही. विषाणू नवे आहेत, म्हणून होते. अर्धा पेरू बिया काढून, चमच्याने गर खरवडून दिला की झाले.

सर्दीत काय करायचे तर नाक मोकळे ठेवायचे. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चहाचा चमचा मीठ, सपाट भरून घ्या. त्याचे दोन-तीन थेंब प्रत्येक नाकपुडीत, दूध पिण्याआधी आणि झोपण्याआधी टाका. पाणी रोज नवे करा. वाफेसाठी तिला गरम पातेल्यावर वाकवू नका, भाजण्याच्या कितीतरी घटना अशाच घडतात. खोकल्यासाठी झोपताना अर्धा चमचा मध चालतो, मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीच नाही. दुकानातून परस्पर सर्दीचे सिरप आणू नका. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी २०२३ च्या अखेरीस दिला आहे. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून प्रतिजैविक लागत नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. तिच्या वयात मिनिटाला ४० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जात असेल किंवा ती पाणीही पीत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

वय ५८, मधुमेह आणि रक्तदाब आहे, सात वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. सर्दी होऊ नये म्हणून १००० मिलिग्रॅमची पाण्यात टाकायची गोळी रोज घेतो. काही धोका? (नाशिक)

बंद करा. शरीरात क जीवनसत्त्वाचा काही भाग ऑक्झॅलेट होऊन लघवीतून जातो आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच असतात. स्वीडनमधल्या पुरुषांच्या दीर्घ पाहणीत अशाच १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण दुपटीच्या आसपास आढळले. तुम्हाला तर आधी एकदा झालेला आहे.

गोळी फसफसावी म्हणून तिच्यात खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल असते. त्यातून एका गोळीला दोन-तीनशे मिलिग्रॅम सोडियम सहज जाऊ शकते. मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसाने ते रोज का प्यावे?

मधुमेहाबद्दल: मोठ्या मात्रेने काही ग्लुकोमीटर साखर खऱ्याहून जास्त दाखवतात, कारण पट्टीवरच्या रसायनाशी क जीवनसत्त्वही विक्रिया करते. शिरेतून मोठी मात्रा दिलेल्या रुग्णांत हे ठळक होते. तोंडी गोळीने कमी, पण पट्टीच्या डबीतल्या माहितीपत्रकात ॲस्कॉर्बिक आम्लाचा (म्हणजे क जीवनसत्त्वाचाच) उल्लेख आहे का, ते एकदा वाचा. लघवीच्या पट्टीत उलटे होते: साखर किंवा रक्त असूनही पट्टी कोरी दिसू शकते. तपासणीआधी प्रयोगशाळेत गोळीचे सांगून ठेवा. थॅलेसेमिया किंवा लोहाचा साठा वाढण्याचा आजार असलेल्यांनी, तसेच जी-६-पीडी विकराची कमतरता असलेल्यांनी मोठी मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

तुम्हाला या गोळीपेक्षा फ्लूची लस जास्त कामाची. पुढच्या भेटीत डॉक्टरांशी तिच्याविषयी बोला.

बाटलीतल्या गोळ्यांवर तपकिरी ठिपके आले आहेत. तारीख उलटलेली नाही. घ्याव्यात का? (रत्नागिरी)

दमट हवेने क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण झाले की असे ठिपके पडतात. एखाद-दुसरा फिकट ठिपका असेल तर विष झालेले नसते, पण गोळी पूर्वीइतकी दमदार राहिलेली नसते. सगळी तपकिरी किंवा चिकट झाली असेल तर टाकून द्या. पुढची बाटली लहान आणा, आतली ओलावा शोषणारी पुडी काढू नका, आणि बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवण्याऐवजी कपड्यांच्या कपाटात ठेवा.